‘सोसेल तितके’ म्हणजे किती?

बायपास झालेल्या बापाला मुलाने स्मार्टवॉच देणं, हा घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधला सतरावा संस्कार झाला आहे. पूर्वी भेटायला येणारे मोसंबी आणि डॉ. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घेऊन यायचे. मोसंबी अजूनही येतात, पुस्तकही येतं (आमच्याकडे तीन प्रती जमल्या), पण मुलगा आयटीत असेल तर घड्याळ येतंच. मीही आणलं. बाबा आयसीयूत असतानाच ऑर्डर केलं होतं, हे आज सांगायला थोडी लाज वाटते. आत त्यांच्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि बाहेरच्या खुर्चीत बसून मी पट्ट्याचा रंग निवडत होतो.

बाबा बासष्टचे. चौतीस वर्षं ठाणे ते सीएसटी लोकलने उभ्याने गेले-आले. तीन रक्तवाहिन्यांची बायपास, आठव्या दिवशी घरी. सोबत औषधांची यादी, छातीच्या हाडाची काळजी कशी घ्यायची याचा एक कागद, आणि डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल एकच ओळ : ‘चालणे, सोसेल तितके.’

माझं भांडण या ओळीशी आहे. शस्त्रक्रियेच्या बिलात हातमोज्यांचा हिशेब वेगळा लावलेला होता. कुठल्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा होता, हे आकड्यात लिहिलं होतं. गोळ्या मिलिग्रॅममध्ये होत्या. व्यायाम मात्र ‘सोसेल तितका’. कोणाला सोसेल? सकाळी आठ बावीसच्या फास्टमध्ये एका पायावर उभं राहून मुलुंडपासून दादर गाठणाऱ्या माणसाची सोसण्याची व्याख्या काय असते, हे ती ओळ लिहिणाऱ्याने कधी विचारलं होतं? बाबांना छातीत दुखत होतं तेव्हाही ते दोन महिने ‘ॲसिडिटी आहे’ म्हणत सोसतच होते. सोसण्यामुळेच तर टेबलावर गेले.

कार्डावर आकडा नव्हता, म्हणून मी तो घड्याळात शोधला. ॲप उघडलं, हृदयाच्या ठोक्यांचा अलर्ट सुरू केला. आत १२० असा आकडा आधीच भरलेला होता. मला तो शहाणा वाटला. गोल आकडे नेहमीच शहाणे वाटतात.

तिसऱ्या आठवड्यात बाबा सकाळी पोडियमवर चालायला गेले. आमच्याकडे ‘जॉगिंग ट्रॅक’ म्हणून जे विकलं गेलं, ते गाड्यांच्या पार्किंगच्या छतावरचं एक वेटोळं आहे. खाली रस्त्यावर जायची सोय नाही. वाघबीळ ते कासारवडवलीपर्यंत मेट्रो ४ चे खांब, खोदकाम, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम आणि गुजरातकडे जाणारे कंटेनर. छातीचं हाड नुकतं जुळू लागलेल्या माणसाने त्या धुळीत कुठे पाऊल ठेवायचं? मागे येऊरचं हिरवं जंगल दिसतं. ते ब्रोशरमध्ये आमचंच होतं. तर बाबा वेटोळ्यावर चालले. वर आले तेव्हा दारातल्या चपलांच्या कपाटावरच बसले. चेहरा राखेसारखा, शर्ट ओला, शब्द फुटेना. घड्याळ गप्प.

नंतर ॲपमध्ये पाहिलं : सलग अकरा मिनिटं ठोके १२० च्या वर, सर्वांत जास्त १२६. अलर्ट एकही नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला विचार ‘बग आहे’ हा. मग मदतपान वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. ॲपल असो की फिटबिट, त्यांच्या ‘जास्त ठोके’ सूचनेबद्दल स्वच्छ लिहिलेलं आहे की ती माणूस साधारण दहा मिनिटं निश्चल वाटत असताना ठोके वाढलेले राहिले तरच येते. म्हणजे ती बसलेल्या माणसासाठी आहे. व्यायाम करताना ठोके वाढणारच, तेव्हा वाजत बसली तर लोक घड्याळ फेकून देतील. अगदी बरोबर रचना आहे. व्यायामातला अलर्ट वेगळा असतो, वर्कआउट सुरू करून वेगळा लावावा लागतो, आणि त्याला आकडा तुम्ही द्यायचा असतो. ज्या गोष्टीच्या भरवशावर मी बापाला एकटं चालायला पाठवलं होतं, ती गोष्ट करण्याचा दावा त्या अलर्टने कधी केलाच नव्हता.

त्याहून गंमत म्हणजे ॲपने ती सकाळ हिरव्या पट्ट्यात दाखवली आणि शाबासकी दिली. हे पट्टे बहुतेक वेळा २२० वजा वय या हिशेबाने पडतात. २२० वजा ६२ म्हणजे १५८. त्याचे सत्तर ते ऐंशी टक्के म्हणजे १११ ते १२६. ‘मध्यम व्यायाम, छान!’ हे सूत्र १९७१ च्या सुमाराचं. सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांनी आधी झालेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून त्यातून काढलेली ती ढोबळ रेषा. निरोगी माणसातही ती दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. बाबा तर रोज मेटोप्रोलोल घेतात. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, आणि तिचं कामच हृदयाला वेगाने धावू न देणं. या गोळीवर असलेल्या माणसाचं हृदय पूर्ण थकलं तरी १५८ च्या जवळपास जात नाही. तिकडे बायपासनंतर काही आठवडे बसल्या जागचे ठोके नेहमीपेक्षा जास्तच राहतात. वरची मर्यादा खाली आलेली, खालची वर चढलेली. मधल्या चिंचोळ्या जागेत व्यायाम बसवायचा. वय भरलं की पट्टे आखून देणाऱ्या ॲपला यातलं काय कळणार? गोळी कोणती, हे त्याने विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

आकडा देण्याची पद्धत अस्तित्वात नाही असंही नाही. सुरुवातीच्या काळासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शक पुस्तकात साधा नियम आहे : हृदयशस्त्रक्रियेनंतर, बसल्या जागच्या ठोक्यांपेक्षा ३० ने जास्त, आणि तेही १२० च्या आत. बाबांचे तेव्हा ८४ होते. म्हणजे ११४. डिस्चार्ज कार्डावर हे तीन अंक लिहायला किती शाई लागली असती?

दुसरा प्रसंग पाचव्या आठवड्यातला. संध्याकाळी सोफ्यावर बसून बाबा बातम्या बघत होते आणि घड्याळ थरथरलं. १२४. त्यांना काही होत नव्हतं, ‘जरा धडधडतंय’ एवढंच. आता सांगा, काय करायचं? पाणी द्यायचं? झोपवायचं? गोळी आधी द्यायची? माझ्या कामात रात्री-अपरात्री सर्व्हर कोसळल्याचे अलर्ट येतात, त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत. आमच्याकडे नियम असा की कुठलाही अलर्ट लावताना तीन गोष्टी लिहायच्या : हाच आकडा का, वाजला तर कोणी उठायचं, आणि उठून पहिल्यांदा काय करायचं. हे लिहिलेलं नसेल तर अलर्ट मंजूर होत नाही. कोणाच्या तरी शॉपिंग कार्टसाठी मी एवढी शिस्त पाळतो. बापाच्या हृदयासाठी तिन्ही रकाने कोरे होते.

रुग्णालयाला फोन लावला. स्वागतकक्षातून उत्तर आलं, ‘घड्याळाचं काही सांगता येत नाही सर, कॅज्युअल्टीला आणा.’ रात्री आठला घोडबंदर रोडवरून पाच किलोमीटर, पन्नास मिनिटं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून त्यांची नुसती थरथर चाललेली. बायपासनंतर ही गोष्ट इतकी सर्रास होते की ढोबळमानाने दर तीन-चार रुग्णांत एकाला. बहुतेकांना पहिल्या काही दिवसांत, बाबांना उशिरा. औषधांनी लय परत आली. तिथल्या मॉनिटरवर ठोके १४० होते, मनगटावर १२४. यातही घड्याळाचा खोटेपणा नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लाटा मोजतं, आणि विस्कटलेल्या लयीत काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. चालताना दुसरी अडचण. हाताच्या हिसक्यांची लय कधीकधी ठोक्यांची म्हणून मोजली जाते, आणि मिनिटाला ११०-१२० पावलं हा नेमका बाबांसारख्यांच्या ठोक्यांच्या आसपासचा आकडा. छातीला बांधायचा पट्टा जास्त अचूक असतो, पण टाक्यांवर पट्टा बांधायचा सल्ला कोण देईल?

म्हणजे एकदा घड्याळ गप्प राहिलं आणि एकदा वाजलं. दोन्ही वेळा ते त्याच्या परीने बरोबर होतं. ‘ही खेळणी आहेत, फेकून दे’ असं म्हणणाऱ्या आमच्या मामाशी म्हणूनच माझं जमत नाही. त्या संध्याकाळी ते नसतं, तर बाबांनी ती धडधड रात्रभर सोसली असती. त्या लयीत हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे : माणसाने करायचं एक काम आपण सगळ्यांनी मिळून हळूच त्या मनगटावर सरकवलं. रुग्णालयाची जबाबदारी टाके काढले की संपली. मुलांना ऑफिसमध्ये बसून बापाचा आलेख बघता आला की काळजी घेतल्यासारखं वाटतं. मी मीटिंगमध्ये बाबांचे ठोके बघायचो. त्यांना फोन मात्र करायचो नाही.

त्या कामाला नाव आहे, हृदय-पुनर्वसन. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे देखरेखीखाली, मोजून-मापून दिलेला व्यायाम. सोबत आहार, औषधं, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलणं. अमेरिकेत बायपासनंतर याची शिफारस सर्वोच्च श्रेणीची आहे आणि तिथला सरकारी विमा ३६ सत्रांपर्यंत पैसे देतो. कॉक्रेनच्या आढाव्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा दाखल होणं, दोन्ही कमी झालेलं दिसतं. ‘हे श्रीमंत देशांचे चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी : मुंबईत डॉ. आशिष कॉन्ट्रॅक्टर यांच्यासारखे तज्ज्ञ बरीच वर्षं हेच काम करत आहेत. आणि खर्च परवडत नाही म्हणून भारतातच २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका आलेल्या जवळपास चार हजार रुग्णांवर योगावर आधारलेल्या स्वस्त पुनर्वसनाची चाचणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं कमी झाल्याचं त्यातून सिद्ध झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लोक आपल्या रोजच्या कामांना जास्त चांगले परतले आणि त्यांना स्वतःला बरं वाटलं. एक खोली, सतरंज्या आणि शिकवणारा माणूस. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅथलॅबचे फलक लावणाऱ्या आमच्या रस्त्याला हे जमणार नाही?

आमच्या डिस्चार्ज कार्डावर तो शब्दच नव्हता. मी विचारल्यावर एका कनिष्ठ डॉक्टरांनी सांगितलं, ‘आहे ना, पण लोक येत नाहीत.’ कसे येतील? कोणी सांगितलं तर येतील. आणि आरोग्यविमा बहुतेक खाटेभोवती बांधलेला. खाट सुटली की माणूस बरा झाला असं तो धरून चालतो.

शेवटी ठाणे स्टेशनजवळ एक लहानसं केंद्र सापडलं. आठ आठवड्यांची फी घड्याळाच्या किमतीहून कमी. तिथे पहिल्यांदा गोळ्या चालू ठेवूनच स्ट्रेस टेस्ट झाली. १२१ ला बाबांचे पाय आणि श्वास दोन्ही संपले. ईसीजी ठीक होता. बसल्या जागचे ठोके एव्हाना ६८ वर आले होते. मधल्या ५३ चे चाळीस ते सत्तर टक्के ६८ मध्ये मिळवून फिजिओथेरपिस्ट बाईंनी आकडा दिला : ८९ ते १०५. मी घातलेला १२० म्हणजे जवळजवळ त्यांची कमाल होती.

त्या बाईंनी घड्याळ काढायला लावलं नाही. त्यातला व्यायामाचा अलर्ट १०५ वर लावला आणि मग त्यावर रुमाल बांधला. ‘काका, आता न बघता सांगा, किती दमलात? सहा ते वीसमध्ये.’ गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ही मोजपट्टी. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे जीव जातोय. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, ‘नऊ.’ बाईंनी रुमाल काढला. १०८. ‘तुमचा नऊ हा जगाचा चौदा आहे,’ त्या म्हणाल्या. पुढचे दोन महिने बाबा मुख्यतः हेच शिकले. व्यायाम करता करता बोलता आलं पाहिजे, गाता येत असेल तर थोडं वाढवा, वाक्य तुटायला लागलं तर कमी करा. छातीत दाब, चक्कर, घाम किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप असेल तर आकडा कितीही छान असो, थांबायचं. बासष्टाव्या वर्षी माझा बाप ‘दमलो’ हा शब्द वापरायला शिकला, आणि हे शिकवायला समोर बसलेली एक बाई लागली.

फ्रिजवर आता एक कागद चिकटवला आहे. १०५ का, ते त्यावर आहे. वाजलं तर वेग कमी करून बसायचं, दहा मिनिटांत उतरलं नाही किंवा बसल्या बसल्या वाजलं तर कोणाला फोन, तो नंबर. छातीत दुखलं तर कोणाची वाट न बघता १०८. आईने खाली पेनने लिहिलंय, ‘ह्यांना विचारू नये, ठीक आहे म्हणतात.’

गेल्या रविवारी मी बाबांबरोबर पोडियमवर होतो. सातव्या मजल्यावरचे काका भेटले. दीड महिन्यापूर्वी त्यांची बायपास झाली. नवं कोरं घड्याळ, मुलगा पुण्याहून देऊन गेलेला. झपझप चालत होते, बोलताना वाक्य तुटत होतं. बाबांनी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, ‘तुमचा आकडा किती?’

काकांनी मनगट पुढे केलं. ‘एकशेवीस.’

‘कोणी दिला?’

‘दिला कुठे,’ काका म्हणाले, ‘आतच होता.’