कोंबडीच्या जागी बसताना

खुडूक बसलेली कोंबडी बघणाऱ्याला आळशी वाटते. पिसं फुलवून दिवसभर एका जागी, खाण्यापिण्याचं भान नाही, वर अंडी घालणंही बंद. घरी पहिल्यांदाच इन्क्युबेटरमध्ये अंडी लावली आणि ती बसल्या जागी किती कामं उरकत असते, ते कळलं. कारण आता ती सगळी आमच्या वाट्याला आली होती.

आमचं यंत्र म्हणजे थर्माकोलची पेटी, आत बल्ब, बारकासा पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. दुकानातल्या ट्रेमधली अंडी इथं चालत नाहीत. त्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडाच नसतो. शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबड्यांची, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी आणली. पेटीत पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअस लागतं, आणि ते एकवीस दिवस, रात्रंदिवस.

नुसत्या उबेवर भागत नाही. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं, तर आतला जीव कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून कोंबडी चोचीनं अंडी सारखी सरकवत, फिरवत असते. आम्ही पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. अंडी दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवायची, म्हणजे विषम वेळा. त्यामुळे रात्रभर खाली राहणारी बाजू रोज बदलते.

मला धास्ती होती विजेची. एका संध्याकाळी वीज गेलीच. मी पेटीवर गोधडी टाकायला धावले, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, कोंबडी नाही का दाणे टिपायला उठत? तेवढ्यानं काही होत नाही." खरंच आहे ते. ती रोज थोडा वेळ अंडी उघडी टाकून जाते, आणि तेवढा गारवा अंडी सोसतात. जास्तीची उष्णता मात्र सोसत नाहीत. पारा चाळिसाच्या वर काही तास राहिला, तर आतली पिल्लं दगावतात. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेटी पत्र्याखाली ठेवूच नये. घरातली सर्वांत गार खोली तिला द्यावी, आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी आत दुसरा थर्मामीटर ठेवावा.

सातव्या दिवशी अंधार करून मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरला. लालसर शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका! त्याचं हृदय तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीलाच धडधडायला लागलेलं असतं. मुली तो ठिपका बघून बोलायच्याच थांबल्या. ज्या अंड्यांतून उजेड आरपार गेला, ती फलित नव्हती. ती काढून टाकली.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. आतला दमटपणा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. बाहेरची कोरडी हवा आत शिरली, तर पापुद्रा सुकून पिल्लाभोवती आवळला जातो.

मग अंड्यातून चिवचिव ऐकू येते. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवून पहिला श्वास घेतं, मग चोचीच्या टोकावरच्या टणक काट्यानं कवचाला टवका पाडतं. आणि त्यानंतर थांबतं, कधी कधी जवळजवळ दिवसभर. हा वेळ बघणाऱ्याच्या जिवावर येतो. पण त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आटून अंगात येत असतं. दया येऊन कुणी कवच सोललं, तर त्या शिरा फुटून पिल्लू रक्तबंबाळ होतं. पेटीवर हात ठेवून बसलेल्या धाकटीला सासूबाईंनी मागे ओढलं. "त्याचं त्याला येऊ दे."

बाहेर आलेलं पिल्लू ओलं, केविलवाणं दिसतं. ते पेटीतच सुकू द्यावं. पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं, त्यामुळे दाण्याची घाई नको. पुढे बल्बखालच्या खोक्यात पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब, मग दर आठवड्याला थोडी कमी.

इथं यंत्राचं काम संपतं, आईचं संपत नाही. माती उकरायची कशी, घार दिसली की पळायचं कुठं, हे कोंबडी शिकवते. आमच्या पिल्लांना ते शिकवणारं कुणी नाही, म्हणून अंगणात जाळी लावली आहे. शिवाय त्यातली साधारण निम्मी कोंबडे निघणार. त्यांचं काय करायचं, हे अंडी लावण्याआधीच घरात बोलून घ्यायला हवं. आमच्याकडे थोरलीनं एकही कापायचा नाही असं बजावलंय, आणि एक कोंबडा आपल्या कोंबड्यांत सोडायला काकू तयार आहेत. बाकीच्यांचं बोलणं चालू आहे.