आधी पाणी मोजा, मग झाडे



वृक्षारोपणाची बातमी आली की आपण आधी आकडा बघतो. पाचशे रोपे, हजार रोपे! मला वाटते, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथले पाणी किती झाडांना पुरेल? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात हा प्रश्न फार महागात पडला.

तिथे पाइन, फर, सेक्वोया अशा सुईसारख्या पानांच्या झाडांची जंगले आहेत. आपल्यासारखा पावसाळा नाही. हिवाळ्यात बर्फ पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. वितळलेल्या बर्फाचे पाणी मातीत आणि खालच्या झिजलेल्या खडकाच्या फटींत मुरते. मुळे तिथपर्यंत जातात आणि झाड उन्हाळाभर त्या ठेवीवर जगते. मी कॉमर्सची, म्हणून मला हे जमाखर्चासारखे दिसते.

खर्चात ही झाडे पक्की काटकसरी. पान अरुंद, वर मेणाचा थर. पानावरच्या बारीक छिद्रांतून वाफ जाते, त्या ओढीनेच मुळाचे पाणी शेंड्यापर्यंत चढते. माती सुकू लागली की झाड ही छिद्रे मिटून घेते. खोडातल्या एखाद्या नळीत हवा शिरली तर तिच्या बाजूच्या सूक्ष्म झडपा बंद होतात, म्हणजे शेजारची नळी वाचते. २०१४ च्या दुष्काळात अनेक जुन्या सेक्वोयांनी आतली जुनी पाने गाळून टाकली आणि खर्च कमी केला.

पण काटकसरीलाही मर्यादा असते. त्याच छिद्रांतून झाड अन्न तयार करायला हवा घेते. ती फार दिवस मिटली तर उपासमार. शिवाय साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना पाइन आपल्या चिकट राळेने बाहेर ढकलतो. तहानलेल्या झाडाला पुरेशी राळ सोडता येत नाही. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात हेच झाले. २०१० ते २०१७ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे १२.९ कोटी झाडे मेल्याचा अंदाज तिथल्या वनखात्याने दिला.

पाऊस कमी, उष्णता जास्त, ही कारणे होतीच. पण आणखी एक होते. पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या लहान वणव्यांत कोवळी रोपे जळून जंगल विरळ राहायचे. नंतर शंभरेक वर्षे जवळजवळ प्रत्येक आग विझवली गेली. जंगल दाट झाले, दिसायला हिरवेगार. ठेव तेवढीच, काढणारे मात्र वाढले.

कोणी म्हणेल, हजार लावली तर शंभर तरी जगतील. मला हा हिशेब पटत नाही. उरलेली नऊशे मरेपर्यंत त्या शंभरांच्याच वाट्याचे पाणी पितात. पाइनची मुळे खडकापर्यंत जातात, आपले वीतभर रोप तर टँकरच्या भरवशावर असते. आणि आपण वनस्पतीत जीव मानतो. मग पावसाळ्यात फोटो काढून वैशाखात त्याला तहानेने मरू देणे आपल्याला कसे चालते?

तेव्हा मंडळात वृक्षारोपणाचा विषय निघाला की विचारा: पाणी कुठले, घालणार कोण आणि किती वर्षे? उत्तर पन्नास झाडांपुरते असेल तर पन्नासच लावू. पण ती पन्नास जगवू.