पालोमारची दुर्बीण

वाटेवर विहीर खणणारा माणूस पुढे तिचे पाणी कोण पिणार, याची चौकशी करीत बसत नाही. कित्येकदा पाणी लागण्यापूर्वीच त्याचे आयुष्य सरते. पण म्हणून त्याचे श्रम व्यर्थ ठरत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालोमार पर्वतावर जी प्रचंड दुर्बीण आहे, ती अशाच एका विहिरीसारखी आहे.

ही दुर्बीण योजिली जॉर्ज एलरी हेल या ज्योतिर्विदांनी. माउंट विल्सन येथे १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण १९१७ साली त्यांच्याच प्रयत्नाने उभी राहिली होती. परंतु आरसा जितका मोठा, तितका अधिक प्रकाश गोळा होतो व तितकेच अधिक मंद तारे दिसू लागतात. म्हणून २०० इंची, म्हणजे सुमारे ५ मीटर व्यासाच्या आरशाचा त्यांनी ध्यास घेतला. १९२८ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने या कार्यासाठी ६० लाख डॉलर देऊ केले.

मार्च १९३४ मध्ये कॉर्निंग येथील कारखान्यात काचेचा रस साच्यात ओतण्यात आला. त्या भयंकर उष्णतेने साच्यातील काही ठोकळे निखळून रसावर तरंगू लागले आणि पाहता पाहता सारे श्रम वाया गेले. कारागीर खचले नाहीत. डिसेंबरात त्यांनी पुन्हा काच ओतली. ती एकदम निवली असती तर तडकली असती. म्हणून सुमारे १० महिने ती हळूहळू निवविण्यात आली. १९३६ साली आगगाडीने ती पॅसाडीना येथे पोचली व घासण्याचे काम सुरू झाले. १९३८ साली हेल वारले. पुढे महायुद्धामुळे काम थांबले. अखेर ३ जून १९४८ रोजी दुर्बिणीचे उद्घाटन होऊन तिला हेल यांचे नाव देण्यात आले. ते ऐकावयास हेल नव्हते.

माणसे उपाशी असताना तारे पाहण्यासाठी एवढे धन का वेचावे, असे कोणी विचारील. १९२९ नंतरच्या मंदीत खुद्द अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार होते. तेव्हा हा प्रश्न सहज झटकून टाकता येणार नाही. भुकेल्याच्या मुखी घास आधी पडला पाहिजे, यात संशय नाही. परंतु घराला धान्याची कोठी लागते, तशी खिडकीही लागते. खिडकीवाचून माणूस जगेल. पण आपण कोठे आहोत, हे त्याला कळणार नाही. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी याच दुर्बिणीच्या साहाय्याने एक नवल उघड केले. साध्या ताऱ्यासारखा दिसणारा एक बिंदू २०० कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर आहे, असे त्यांना आढळले. विश्व केवढे अफाट आहे, हे त्या खिडकीतून सर्व मानवजातीला दिसले.

आज याहून मोठ्या दुर्बिणी झाल्या आहेत. तरीही स्वच्छ रात्री पालोमारचा घुमट उघडतो. तेथे आज काम करणाऱ्या संशोधकांचा, काच ओतली त्या दिवशी, जन्मही झाला नव्हता. जे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही ते हाती कशाला घ्यावे, असे म्हणणाऱ्यांनी या घुमटाकडे पाहावे. पुरे करणारे मागून येतात. पण आधी कोणीतरी आरंभ करावा लागतो.