चूक कोणाची?

गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाच्या चकल्या दुकानदारानं परत पाठवल्या. खारट झाल्या होत्या. मीठ मी घातलं होतं. पण सगळ्यांनी पीठ मळणाऱ्या वहिनींना धारेवर धरलं आणि मी गप्प बसले. वहिनी यायच्याच बंद झाल्या.

१९५९ साली गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं नफ्यासारखा तोटाही सगळ्या बहिणींचा. आम्ही मात्र नफा वाटून घ्यायचो नि तोटा एकीच्या पदरात टाकला.

शेवटी सगळ्याजणी वहिनींकडे गेलो, तिथं मी कबूल केलं. आता पहिला घाणा दोघीजणी चाखून बघतात. मैत्रिणींनो, चूक सांगायची भीती वाटली की ती लपवली जाते, आणि लपवली की पुन्हा होते!