दूरदेशीचा संसार आणि एक नवी वस्तू

या पानावर आम्ही आजवर गणेशोत्सवावर लिहिले, शाळांतील मराठीच्या तासांवर लिहिले, झाकरी गाणाऱ्या वृद्धांवर लिहिले. आजचा विषय नवरा-बायकोच्या खोलीतला आहे. ज्या घरी आजोबा हे पान मोठ्याने वाचून दाखवतात, तेथे त्यांनी आज मनातल्या मनात वाचावे, एवढी विनंती. विषय टाळता आला असता. पण आपल्या बेटावरून कितीतरी तरुण क्रूझ जहाजांवर नोकरीला जातात, काहीजण कॅनडातील कारखान्यांत करारावर जातात, आणि मागे राहिलेल्या बायकांचे काय होते याविषयी आपल्या एकाही सभेत कोणी तोंड उघडत नाही. म्हणून लिहितो.

ओमान देशात सूर नावाचे बंदर आहे, मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तेथे आठ दिवस होतो. गाव नावाड्यांचे. खाडीकाठी लाकडी गलबते बांधण्याची कला तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि १९५१ साली बांधलेले ‘फतह अल खैर’ हे मोठे गलबत आता लोकांना पाहण्यासाठी जमिनीवर उभे करून ठेवले आहे. जुन्या काळी सूरची गलबते ईशान्येच्या वाऱ्यावर निघून आफ्रिकेच्या किनाऱ्याने झांजिबारपर्यंत जात आणि वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला की परतत. खलाशी महिनोन्‌महिने घराबाहेर असत. आज गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रकल्प आहे, तो २००० साली सुरू झाला. २००५ पासून खताचा मोठा कारखानाही आहे, ओमान आणि भारतातील इफ्को व कृभको या सहकारी संस्थांच्या भागीदारीचा. त्यामुळे सूरमध्ये आता भारतातून आलेली माणसे पुष्कळ, आणि त्यांत मराठी माणसेही. पूर्वी वारा फिरला की माणूस घरी येई, आता रजा मंजूर झाली की येतो.

बायको-मुलांना बरोबर नेणे हा पगाराचा प्रश्न असतो. ओमानमध्ये कुटुंब आणायचे तर महिन्याला अमुक इतका पगार हवा अशी अट आहे. २०१७ साली ती ६०० रियालांवरून ३०० वर आणली आणि पुढे आणखी खाली आली. तरीसुद्धा मुलांची शाळा, सासू-सासरे, घराचे कर्ज यांपायी पुष्कळ बायका गावीच राहतात. कोकणाला हे नवे नाही. मुंबईचा चाकरमानी गिरणीत आणि बायको गावी, मध्ये मनिऑर्डर आणि गणपतीची रजा, असे संसार तेथे तीन-तीन पिढ्या झाले. त्या बायकांनी काय सोसले ते जात्यावरच्या ओव्यांत थोडेसे आहे. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले.

सूरला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांच्या शेजारी एक जोडपे होते. नवरा तेथल्या एका कारखान्यात, बायको रत्नागिरीकडची, महिनाभराच्या व्हिसावर आलेली. नावगाव छापायचे नाही या अटीवर त्यांनी आम्हांला आपली हकीकत सांगितली. “तुम्ही लांबचे, तुमच्या बेटावर आम्हांला कोण ओळखतंय, म्हणून सांगते,” असे ती बाई म्हणाली. झाले असे की नवऱ्याने एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून, बायकोला काही न विचारता, तिच्या नावे एक पार्सल मागवले. आत बायकांसाठीचे विद्युत् खेळणे होते, फोनला जोडता येणारे. त्यातली नवी करामत अशी की नवरा हजार मैलांवर बसून आपल्या फोनवर बोट फिरवतो आणि इकडे ते चालते. पार्सल दारात घेतले सासूबाईंनी. पेटी तीन महिने कपाटात साड्यांखाली पडून राहिली.

तिला वाटले, ह्यांना आता आपली गरज उरली नाही, आपल्या जागी एक यंत्र धाडून दिले. त्याला वाटले, ही रागावली, आपल्याला हलकट समजली. तीन महिने रोज फोन चालू होता. मुलाचा ताप, गॅसचा नंबर, शेजारच्या बांधाचे भांडण, सगळे बोलून झाले, एवढे एक सोडून. शेवटी “अहो, ते काय पाठवलंत तुम्ही?” असे तिने एका रात्री विचारले, तेव्हा बांध फुटला. पुढची गोष्ट दोघांनी हसत-हसत सांगितली. यंत्राचा आवाज मिक्सरसारखा आणि सासूबाईंची खोली शेजारी. ओमानचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यात ह्यांची रात्रीची शिफ्ट. नेट इतके अडखळे की त्याने फोनवर केलेली हालचाल तिच्याकडे पोचेपर्यंत तिचे लक्ष उडालेले असे. अखेर फोनचा भाग त्यांनी काढूनच टाकला. यंत्र तिचे, ती हवे तेव्हा हवे तसे वापरते. त्याने फक्त बोलावे, असे ठरले.

फोनचा भाग काढला हे उत्तम झाले, असे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले. ओमानमध्ये अश्लील समजली जाणारी वस्तू आत आणू देत नाहीत, आणि फोनवरून काय पाठवावे याबद्दलही तेथला कायदा कडक आहे. नोकरीसाठी गेलेल्या माणसाने अशा खेळात परवान्यानिशी नोकरी घालवणे शहाणपणाचे नाही. दुसरे कारण कंपन्यांचे. कॅनडातील स्टँडर्ड इनोव्हेशन या कंपनीचे ‘वुई-वाइब’ नावाचे फोनला जोडायचे यंत्र होते. ते केव्हा वापरले, किती जोरावर वापरले, ही माहिती गिऱ्हाइकाला नीट न सांगता कंपनीकडे जात होती, असा दावा २०१६ साली अमेरिकेत दाखल झाला. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे ४० लक्ष कॅनडियन डॉलरची तडजोड केली. जी गोष्ट सासूला कळू नये म्हणून साड्यांखाली दडवायची, ती परक्या देशातल्या कारकुनाच्या वहीत नोंदली जावी, हे आम्हांला वस्तूपेक्षा जास्त ओंगळ वाटते.

वस्तूबद्दल मात्र आमचे मन स्वच्छ आहे. तिच्यात पाप नाही. २००९ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते ६० वयाच्या २,०५६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२.५ टक्के स्त्रियांनी असे कंप पावणारे यंत्र कधी ना कधी वापरले होते, आणि वापरणाऱ्यांपैकी शंभरात सत्तरहून अधिक जणींना त्यापासून कधीच कसला त्रास झाला नव्हता. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे कोणी विचारायला गेले तर दार लावून घेतील. अलीकडे निराळ्या प्रकारचीही यंत्रे निघाली आहेत. जर्मनीतील मिखाएल लेंके या गृहस्थांनी पत्नीच्या साह्याने बनवलेले एक यंत्र २०१४ साली बाजारात आले. ते कंपाऐवजी हवेच्या हलक्या ठोक्यांवर चालते, जवळजवळ स्पर्श न करता. जुन्या प्रकाराची सवय असलेल्या बाईला नवा प्रकार पहिल्या दिवशी मानवतोच असे नाही. काहींना तो फारच तीव्र वाटतो, काहींना काहीच जाणवत नाही. अगदी हळू गतीने सुरू करावे, घाई करू नये, बधिरपणा आला तर थांबावे, तो थोड्या वेळाने जातो. वस्तू सिलिकॉनची असेल तर पाण्याचे जेल वापरावे, कारण सिलिकॉनचे जेल तिचा पृष्ठभाग खराब करू शकते. वापरल्यावर कोमट पाण्याने व साध्या साबणाने धुवावी, यंत्रात पाणी जाणार नाही एवढे पाहावे, आणि दुसऱ्या कोणाला देऊ नये. दुखले, रक्त दिसले, तर डॉक्टरकडे जावे आणि लाजून अर्धेच सांगू नये.

नवऱ्यांचे दुखणे वेगळे. खुद्द बायकोनेच अशी वस्तू आणली तर पुरुषाला ती आपल्यावरची तक्रार वाटते. आम्ही पाहिले आहे की स्वयंपाकघरात वाटणाचे यंत्र आले तेव्हा हे गृहस्थ खूश, कपडे धुण्याचे आले तेव्हा खूश, आणि येथे मात्र मान खाली. त्यांना हसण्यात अर्थ नाही, मानी माणसाला ते खरेच लागते. पण बायकोचे शरीर कसे आहे, तिला काय सुखाचे वाटते, हे लग्नानंतर पंधरा वर्षांत त्याने एकदाही विचारलेले नसते, आणि तिनेही सांगितलेले नसते. मग पेटी उघडल्यावर दोघांना एकदमच कळते की आपल्याला काही ठाऊक नव्हते.

आपल्या बेटावर यात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरात आपण क्रिओल बोलतो. मराठी उरली पूजेला, लग्नाला, बारशाला. या विषयाचे क्रिओल शब्द नाक्यावरच्या पोरांच्या तोंडचे, ते बायकोपुढे उच्चारवत नाहीत. पुस्तकी मराठीतले शब्द दवाखान्यातल्या पाटीसारखे. फ्रेंच शब्द सभ्य आहेत, पण ते बोलताना माणूस आपल्याच बिछान्यात पाहुणा होतो. अशा स्थितीत “मला हे आवडते, हे नको” एवढे साधे वाक्य कोणत्या भाषेत बोलायचे? आम्ही शिक्षक, मुलांना शब्द देणे हा आमचा धंदा, आणि या एका बाबतीत आमचा फळा कोरा आहे.

मराठीत मात्र हे शब्द घडवण्याचे काम एका माणसाने फार पूर्वी अंगावर घेतले होते. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवले. त्यात वाचक आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरे देत. या उत्तरांबद्दलच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक अडचण विचारतात तेव्हा जाणत्याने उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद होता. कर्व्यांना दंड झालाच. नव्वद वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, मुंबईच्याच उच्च न्यायालयासमोर परदेशातून आलेल्या अंग मालिश करण्याच्या यंत्रांचे प्रकरण आले. यांचा उपयोग लैंगिक सुखासाठी होऊ शकतो, म्हणून ही अश्लील, असे म्हणत कस्टम खात्याने १९६४ च्या एका अधिसूचनेच्या आधारे ती अडवली होती. न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. अधिकाऱ्याच्या कल्पनेत काय येते त्यावरून वस्तू निषिद्ध ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. कर्वे असते तर त्यांनी यावर दोन ओळींची कोरडी टीप छापली असती.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे सारे अति वाटेल. त्यांना आम्ही त्यांच्याच तरुणपणाची आठवण देतो. १९५७ साली मॉरिशसमध्ये कुटुंबनियोजनाची संस्था निघाली तेव्हा देवळात, चर्चमध्ये, मशिदीत काय काय बोलले गेले! त्या वेळी एका बाईला सरासरी सहा मुले होत. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तीनच्या आसपास आला. ज्या गोळीचे नाव घ्यायला आजी लाजत होत्या, ती पुढे त्यांनीच सुनांना मिठाच्या बरणीमागे ठेवायला सांगितली. कोणाचा धर्म बुडाला नाही.

आपली मंडळे जहाजावर जाणाऱ्या तरुणाला निरोप देताना नारळ देतात, शाल देतात, भाषणे करतात. त्याच आठवड्यात एखाद्या डॉक्टरीण बाईंना बोलावून जाणाऱ्यांच्या बायकांशी तासभर बोलू द्यावे, आणि वेगळ्या दिवशी नवऱ्यांशीही. कोणत्या देशात कोणती वस्तू सामानात नेऊ नये, फोनवरून काय पाठवू नये, हे त्यांना जाण्याआधी कळावे. बाईने एकटीने करायचे ते काय, दोघांनी ठरवायचे ते काय, हेही कोणीतरी सांगावे. यासाठी फंड गोळा करावा लागणार नाही. बुधवारी दुपारी मंडळाचा हॉल रिकामाच असतो, आणि किल्ली बहुतेक ठिकाणी एखाद्या बाईकडेच असते.