अम्मीची यादी आणि पाच रुपयांचा पुडा

1997 साली अब्बांना हार्ट अटॅक आला. ते वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक यादी लिहून दिली. अंड्याचा बलक बंद, मटण बंद, तूप बंद, खोबरं बंद, शेंगदाणे बंद. सोलापूरच्या घरात शेंगदाणे बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. भाकरीबरोबरची चटणी गेली, भाजीतलं कूट गेलं. अम्मीनं ती यादी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आणि अब्बांची पथ्यं स्वतःलाही लावून घेतली. दोघांसाठी दोन स्वयंपाक कोण करणार?

अब्बा 2011 साली गेले. यादी तिथंच राहिली.

गेल्या वर्षी अम्मीला जिना चढवेना. तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन कमी, प्रथिनं कमी, आणि मधुमेह तर आधीपासूनचाच. नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "नाश्त्याला काय खाता?" अम्मीनं अभिमानानं सांगितलं, की चहा आणि बिस्किटं, अंडं नाही, तेलकट नाही. बाई म्हणाल्या, "बिस्किटं बंद करा. अंडं खात जा, बलकासकट. मूठभर शेंगदाणे खा." अम्मी दवाखान्यात काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मंग इत्ते साल मैं क्या छोड़ी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधता शोधता हा लेख झाला.

पहिल्या डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. त्यांनी शिकलेलं सांगितलं. 1913 साली रशियात अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञानं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या पाहिल्या. ससा पाला खाणारा प्राणी, पण तिथून धागा सुरू झाला. 1968 साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेनं सल्ला दिला, की आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत आणि दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल असावं. एका बलकातच दोनशेच्या आसपास असतं. हा आकडा जगभर फिरत आमच्या फडताळापर्यंत आला. पुढं कळत गेलं, की शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ताटातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर परिणाम बेताचाच होतो. अमेरिकेच्या सरकारी आहार मार्गदर्शिकेतून 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 नंतर काढून टाकली गेली. अम्मीच्या यादीतून ती कोणी काढली नाही.

आणि शेंगदाणे? शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. कुठल्याच वनस्पतीत ते नाव घेण्याइतकं नसतं. तेलाच्या डब्यावर लाल बदाम काढून 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं ठळक छापायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं, की या कंपनीनं काही खास केलंय. म्हणजे घाण्याच्या करडई-शेंगतेलात ते असणार! उसावर 'मांसमुक्त' असं लिहिण्यासारखाच हा प्रकार होता. पण त्या एका शब्दानं आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांतला घाण्याचा डबा हलवला.

त्या यादीत जे नव्हतं त्याचा हिशोब मी आता करते. साखर नव्हती. खारी नव्हती, टोस्ट नव्हता, नानखटाई नव्हती. वनस्पती तूप नव्हतं, कारण नावातच 'वनस्पती' म्हटल्यावर त्यात वाईट काय असणार? आमच्या भागातल्या बेकऱ्या आणि रमजानमधल्या समोशांच्या कढया वर्षानुवर्षं त्यावरच चालल्या. तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करताना जे ट्रान्सफॅट तयार होतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. म्हणजे बलकावर जो आरोप होता तोच गुन्हा, आणि हा सिद्ध झालेला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तेला-तुपातल्या ट्रान्सफॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली ती जानेवारी 2022 मध्ये. तोवर अम्मीनं पंचवीस वर्षं चहात बुडवून खारी खाल्ली होती.

साखर तर जास्तच नशीबवान. 1967 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आला. त्याचा रोख चरबीवर होता, साखरेला त्यानं सांभाळून घेतलं. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेनं पैसे दिले होते, हे जुन्या कागदपत्रांतून 2016 साली उघड झालं. मधल्या पन्नास वर्षांत किती घरांत किती याद्या चिकटल्या असतील!

याचा अर्थ 'डॉक्टर लोक फसवतात, आता सगळं खा' असा काढणारे व्हिडिओ रोज माझ्या फोनवर येतात. वाटीभर तूप प्या, खोबरेल तेलात तळा, कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे. हे जुन्या यादीइतकंच घातक आहे. रक्तातलं एलडीएल वाढणं हा खरा धोका आहे, आणि तुपा-खोबरेलातली संपृक्त चरबी ते वाढवते. मधुमेह्यानं किती अंडी खावीत, याबद्दल अभ्यासक अजून एकमताला आलेले नाहीत. अम्मी एक खाते, आणि डॉक्टरांना विचारून खाते. व्हिडिओवाल्या साहेबांची खाली तुपाची लिंक असते, तेवढी मात्र बघावी.

मला वाटतं, आपल्याला कळत नाही म्हणून हा गोंधळ नाही. गोंधळातून कोणाचा तरी माल खपतो, म्हणून तो टिकतो. लहान मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी किती वर्षं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या गेल्या. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं त्या यादीतून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची गोष्टच नाही. 2022 साली पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे छापण्याचा मसुदा आला. ताऱ्यांनी काय कळणार? दोन तारे म्हणजे थोडं तरी चांगलं, असंच माझी शेजारीण म्हणेल. चिली या देशात 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असेल, तर पाकिटावर काळा अष्टकोन छापून सरळ 'जास्त' असं लिहावं लागतं. आपल्याकडं असं साधं काही छापायची वेळ आली, की समित्या बसतात.

तोवर पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिणं सक्तीचं आहे. अम्मीच्या 'पचायला हलक्या' बिस्किटांचं पाकीट मी तिच्यासमोर वाचलं. आधी मैदा, मग पाम तेल, मग साखर, आणि ज्याचं चित्र पुढं छापलंय ते धान्य कुठंतरी खाली. पाकिटावर हलालचा शिक्का आहे का, हे आमच्या घरात चष्मा लावून बघितलं जातं. 'हलाल'च्या शेजारी 'तय्यब' हाही शब्द येतो, स्वच्छ, चांगलं, अंगी लागणारं. त्याचा शिक्का कोणी शोधत नाही.

मी शिक्षिका आहे. माझ्या शाळेतली बरीच मुलं विडी वळणाऱ्या आयांची. सकाळी येताना त्यांच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटांचा किंवा कुरकुरीत कशाचा तरी पुडा असतो, कारण आयांना पहाटे उठून पानं कापायची असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. अंड्याच्या दिवशी वर्गात हजेरी भरलेली असायची. जानेवारी 2025 मध्ये त्याचे वेगळे पैसे थांबवले गेले. हवं असेल, तर लोकवर्गणी काढा, असं ठरलं. विरोध करणाऱ्यांमध्ये कोणी सहा ग्रॅम प्रथिनांबद्दल बोललं नाही. कोणाच्या ताटात काय शोभतं, यावरच सगळं चाललं होतं. पुड्याला मात्र कोणाच्याच भावना आडव्या आल्या नाहीत.

फडताळावरची यादी अम्मीनं काढू दिली नाही. त्यावर अब्बांच्या डॉक्टरांचं अक्षर आहे, म्हणाली. शेजारी मी नवी लावलीय, तीत चटणी परत आलीय.

शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. पट 84 चा. सात रुपयांचं अंडं किंवा केळं धरलं, तर आठवड्याला 588 रुपये. पहिल्या महिन्याचे अम्मीनं दिलेत. पुढच्या महिन्यांसाठी दोन बेकरीवाल्यांकडं जाऊन आले. एकानं हो म्हटलंय.