घाई कुणाची?



कसारा घाटातील अपघातांचं सगळं खापर ट्रकचालकांच्या घाईवर फोडणारं पत्र वाचलं. मी न्हावाशेवा ते इंदूर गाडी चालवतो. बंदरात कंटेनर मिळेपर्यंत अख्खी रात्र रांगेत जाते. ती कुणी धरत नाही. माल पोहोचवायची वेळ मात्र तीच. धुळ्याजवळ चहाला उतरलो की ऑफिसातून फोन, "जीपीएसवर गाडी उभी दिसतेय, का थांबलास?" उशीर झाला की भत्ता कापतात. सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती 1961च्या कायद्यानेच ठरवून दिली होती. तो अर्धा तास मागणाऱ्याला पुढची फेरी मिळत नाही. पत्रलेखकांनी जाब विचारावा तो माल पोहोचवायची ही वेळ ठरवणाऱ्यांना.

– एक ट्रकचालक, नाशिक